सर्पांचा शीतकाल आणि संतती

नागपंचमीला आपण नागाचे पूजन करतो. अमेरिकेतील कित्येक हौशी मंडळी तर घरात साप पाळून त्यांची पैदासही करतात. ‘कॉर्न स्नेक’ हा तेथील बिनविषारी साप त्यांचा विशेष आवडता. हिवाळ्यात दोन-तीन महिने त्याला १० ते १५ अंश सेल्सिअस तपमानात, अंधारात ठेवतात. हा छळ नव्हे. मूळ प्रदेशातील हिवाळ्याचेच हे अनुकरण. त्यावाचूनही संतती होऊ शकते; परंतु थंडीमागून ऊब आली, की नर-मादी मीलनास अधिक सिद्ध होतात.

मात्र त्याआधी निदान दोन आठवडे सापाला उपाशी ठेवणे अगत्याचे असते. थंडीत पचन मंदावते. पोटातील भक्ष्य कुजून साप दगावू शकतो. पाणी मात्र सतत हवे. कृश वा रोगट सापाला हा काळ सोसत नाही. उष्ण पश्चिम आफ्रिकेतील ‘बॉल पायथन’ला तर एवढी थंडी घातकच.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये नाग, धामण, अजगर पाळण्यास मनाई आहे. तेव्हा आम्ही वाचकांना एवढेच सुचवू, की थंडीत अडगळीत सुस्त साप दिसल्यास काठी उचलू नये, त्याला हातही लावू नये, वनखात्यास कळवावे. तो मेलेला नसतो, वसंताची वाट पाहत असतो.