क्वथित जल आणि नायट्रेट : एका नित्य पथ्याचा फेरविचार

जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना चरकाचार्यांनी वायू, उदक, देश आणि काल या चार भावांची विकृती कारण मानली आहे. विकृत उदक ओळखावयाचे ते गंध, वर्ण, रस व स्पर्श यांवरून. परंतु आज कोरडवाहू भागातील विहिरींत जो दोष शिरला आहे, त्याला ना गंध, ना वर्ण, ना चव. तो दोष म्हणजे नायट्रेट.

भारतीय मानकानुसार पेयजलात नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार महाराष्ट्रातील सुमारे ३६ टक्के नमुने या मर्यादेपलीकडे गेले. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव हे जिल्हे त्यात ठळकपणे येतात. युरियाचा अतिवापर, विहिरीलगतचे उकिरडे, गोठे व शोषखड्डे ही त्याची कारणे. नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही; पाण्याबरोबर खाली झिरपते. जेथे पाऊसच अल्प, तेथे ते विरळ होण्यासही वाव राहत नाही.

येथे आम्हा वैद्यांनी अंतर्मुख व्हावयास हवे. ज्वर असो वा अतिसार, 'पाणी उकळून, आटवून प्या' असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो. जंतुदोषासाठी व अग्निदीपनासाठी ते योग्यच आहे. पण उकळल्याने नायट्रेट उडून जात नाही. पाणी तेवढे आटते. ६० मिलिग्रॅमचे पाणी अर्धे आटवले की १२० होते. अष्टमांश उरवले तर ४८०! निर्मळीने वा तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेला क्षार नव्हे.

याचा सर्वाधिक धोका सहा महिन्यांच्या आतील बालकांना. त्यांच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावते आणि बालक निळसर पडते. १९४५ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्याशी हा संबंध प्रथम दाखवून दिला. वरचे दूध अशा पाण्यात कालवलेले असेल, बालकाचे ओठ-नखे श्याव दिसत असतील आणि रक्त चॉकलेटी भासत असेल, तर काढे-चाटणांत वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. मिथिलीन ब्ल्यू हा त्यावरील उपचार तेथेच मिळू शकतो.

सहा महिने निव्वळ स्तन्यपान हाच खरा प्रतिबंध होय. गुटी द्यावयाचीच झाल्यास ती मातेच्या दुधातच उगाळावी. गावच्या पाण्याची तपासणी करवून घ्यावी. दोष आढळल्यास पिण्यासाठी आरओचे किंवा छपरावरून स्वच्छपणे साठवलेले पावसाचे पाणी सुचवावे. आणि रुग्णपत्रिकेवर 'उष्णोदक' लिहिण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : पाणी कोणत्या विहिरीचे?