भौतिकोपचार आणि आरोग्य विमा

भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी ही व्यायाम, हस्तोपचार, उष्णता, विद्युतप्रवाह इत्यादी साधनांनी सांधे व स्नायूंची हालचाल पूर्ववत करू पाहणारी उपचारपद्धती आहे. भारतात तिचे औपचारिक शिक्षण १९५०च्या दशकात, पोलिओच्या साथीनंतर, मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. आज शहरांतून भौतिकोपचार केंद्रे सहज आढळतात. तथापि तेथील खर्च विम्यातून मिळतो की नाही, याविषयी बराच गैरसमज दिसून येतो.

उपचारकाची निवड

महाराष्ट्रात भौतिकोपचारकांची नोंदणी २००२च्या अधिनियमानुसार स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते. पदवी आणि नोंदणी क्रमांक विचारणे हा रुग्णाचा अधिकार असून त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मालिश करणारे किंवा हाडवैद्य यांच्या हाताला गुण असेलही, परंतु त्यांची पावती विमा कंपनी ग्राह्य धरत नाही. खासगी केंद्राचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी मुंबईतील केईएम, नायर व शीव ही महापालिका रुग्णालये, तसेच हाजीअली येथील केंद्रीय पुनर्वसन संस्था हे पर्याय आहेत.

विम्याची व्याप्ती

‘येथे विमा चालतो का?’ हा प्रश्न बहुधा केंद्राच्या दारात विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र केंद्रावर नव्हे, तर रुग्ण त्या आजारासाठी रुग्णालयात दाखल झाला होता की नाही, यावर अवलंबून असते. सर्वसाधारण भारतीय आरोग्य विमा हा किमान २४ तासांच्या रुग्णालयीन वास्तव्याशी बांधलेला आहे. खांदा आखडला, मान धरली म्हणून जवळच्या केंद्रात दहा दिवस जाणाऱ्यास पॉलिसीत बाह्यरुग्ण संरक्षण नसेल तर काहीही मिळत नाही. असे संरक्षण असले तरी त्यास वार्षिक मर्यादा असते.

दाखल झालेल्या रुग्णाची स्थिती निराळी. २०२०पासून सर्व आरोग्य विमा कंपन्यांकडे उपलब्ध असलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीत रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या ६० दिवसांचा त्याच आजारावरील खर्च समाविष्ट आहे. अन्य पॉलिसींत ही मुदत कमी-अधिक असते. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी येणाऱ्या भौतिकोपचारकाचे शुल्क या तरतुदीखाली मागता येते. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी शिफारस हवी, आणि भौतिकोपचारकाच्या पावतीवर तारखा, सत्रांची संख्या व नोंदणी क्रमांक हवा. शिफारशीची चिठ्ठी रुग्णालय सोडतानाच घेतलेली बरी. पुढे तीसाठी हेलपाटे पडतात. हा खर्च सहसा प्रथम स्वतः करून नंतर प्रतिपूर्ती घ्यावी लागते. ‘आरोग्य संजीवनी’त हे कागद रुग्णालयोत्तर उपचार संपल्यापासून १५ दिवसांत सादर करावयाचे असतात.

पक्षाघाताच्या रुग्णाला ही मुदत सर्वाधिक जाचक ठरते. त्याचा हात किंवा पाय हळूहळू, कित्येक महिन्यांच्या सरावाने चालू लागतो. एकसष्टाव्या दिवसापासून मात्र तोच उपचार कुटुंबाच्या खर्चाचा होतो आणि पुष्कळदा तेथेच थांबतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचारही अंतर्भूत असल्याने तिच्या लाभार्थ्यांना ही अडचण तितकी भासत नाही.

तक्रार

दावा नाकारल्यास कंपनीने पॉलिसीतील नेमक्या कलमाचा आधार लेखी देणे आवश्यक असते. प्रथम कंपनीच्याच तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई व पुणे येथे असून तेथे शुल्क आकारले जात नाही आणि वकीलही लागत नाही.