शेतीविषयक ब्लॉग : शोध आणि जाहिरातीचे उत्पन्न

उस्मानाबादी शेळीचे माहेर असलेल्या धाराशिव जिल्ह्यात, येरमाळ्यासारख्या गावातही आता मोबाईलवर इंटरनेट आले आहे. आपला अनुभव ब्लॉगवर लिहून त्यावरील जाहिरातीतून चार पैसे मिळविणे हा जोडधंदा होऊ शकतो. मात्र शेळीपालनाप्रमाणेच यातही उतरण्यापूर्वी हिशेब समजून घ्यावा.

लेख लिहिला म्हणजे तो वाचकाला सापडतोच असे नाही. गूगलसारखे शोधयंत्र इंटरनेटवरील पाने वाचून त्यांची नोंद ठेवते आणि कोणी प्रश्न विचारला की त्या नोंदीतून पाने निवडून दाखविते. आपल्या पानाची नोंद झाली किंवा नाही, कोणते शब्द लिहिल्यावर ते लोकांना दिसले, हे सर्च कन्सोल या मोफत सेवेत कळते. ते आठवड्यातून एकदा पाहावे.

मथळा लोकांच्या बोलीत असावा. ‘शेळीपालन : एक दृष्टिक्षेप’ असे कोणी शोधत नाही (असे मथळे देण्याची खोड आम्हा लिहिणाऱ्यांनाच आहे). ‘उस्मानाबादी शेळी किती दिवसांत विते’ हे मात्र विचारले जाते. त्याचे उत्तर, सुमारे १५० दिवस, पहिल्याच परिच्छेदात द्यावे. पुढे गाभण शेळीचा खुराक, करडांची निगा व स्वतःच्या गोठ्यातील नोंदी सविस्तर लिहाव्यात. शिफारशी जशाच्या तशा उतरविल्यास पान मागे पडते, कारण तोच मजकूर इतरत्र आधीच असतो. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, शेळीच्या जातीचे नाव मात्र उस्मानाबादीच आहे. म्हणून दोन्ही नावे ओघाने यावीत. एकच शब्द वीस वेळा घुसडू नये, त्याने नुकसानच होते.

वेळही साधावी लागते. येडेश्वरी देवीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेची माहिती यात्रेच्या दिवशी टाकून उपयोग नाही. महिनाभर आधी टाकावी. सोयाबीनच्या उगवणशक्ती तपासणीचा लेख पेरणीपूर्वी, मे महिन्याच्या सुरुवातीसच हवा.

जाहिरातींसाठी गूगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ पासून आहे. खात्यात १० डॉलर जमल्यावर पत्ता पडताळणीचा क्रमांक साध्या टपालाने येतो, म्हणून पिनकोडसह पत्ता अचूक भरावा. १०० डॉलर झाल्यावरच रक्कम बँकेत येते. समजा हजार वाचनांमागे अर्धा डॉलर पडला, तर १०० डॉलरसाठी दोन लाख वाचने लागतील! मराठी पानांचा दर इंग्रजीपेक्षा सहसा कमी असतो. शिवाय २०२४ पासून गूगल भारतात काही प्रश्नांची उत्तरे निकालांच्या वरच देते, त्यामुळे पान उघडणारे घटू शकतात. पीककर्जाचा हप्ता या उत्पन्नावर धरू नये, आणि ‘महिन्यात लाख रुपये’ सांगणाऱ्या प्रशिक्षणासाठी उसनवारी तर मुळीच करू नये.

स्वतःच्या पानावरील जाहिरात स्वतः दाबू नये, मित्रांनाही दाबावयास सांगू नये. असे आढळल्यास खाते बंद होते व जमलेली रक्कम जाऊ शकते.

सुरुवात ब्लॉगरसारख्या मोफत सेवेवर करावी. पैदाशीचे बोकड किंवा करडे विकावयाची असल्यास तसे लेखाखाली लिहावे. दोन लाख वाचने होण्याच्या कितीतरी आधी एखादे गिऱ्हाईक गोठ्यावर येऊ शकते.