जुनी व्हॅन घेताय? विसार देण्यापूर्वी एवढे पाहा

छोट्या व्यापाऱ्याला आणि चपलांच्या कारागिराला माल पोहोचवण्यासाठी जुनी व्हॅन सोयीची पडते. मारुती ओम्नीचे उत्पादन २०१९ साली थांबले. त्यामुळे आज विक्रीला येणारी प्रत्येक ओम्नी वापरलेलीच असते. अशा गाडीत भांडवल अडकवण्यापूर्वी नीट पारख हवी.

कोल्हापुरात पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागात शिरले होते. पाण्यात उभी राहिलेली गाडी रंग मारून नवी दिसते. पण वायरिंग पुढे दगा देते. म्हणून खालचे मॅटिंग उचलून गाळ पाहा. सीटची पट्टी, फ्यूजची पेटी, सरकत्या दाराची खाच यांत गंज शोधा. सीटबेल्ट पूर्ण ओढा. टोकाशी पाण्याची रेघ असेल तर सावध व्हा.

इंजिन सकाळी, थंड असताना, आपल्यासमोर सुरू करायला सांगा. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे हात लावला की ते आधी तापवून ठेवले आहे का ते कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. मग चार माणसे बसवून पन्हाळ्याच्या चढावर न्या. इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट गेली समजा. टायर एका बाजूने झिजले असतील तर अलाइनमेंट किंवा चासी तपासून घ्या.

कागदपत्रांत चासी व इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवूनच व्यवहार करा. गॅसचे किट आरसीवर चढलेले हवे. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर भाड्याचा माल वाहता येत नाही. खासगी गाडीला पंधरा वर्षे होत आली असतील, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कराचा खर्च किमतीत धरा. फॉर्म २९ व ३० वर सह्या घेऊन गाडी लगेच नावावर करा आणि चौदा दिवसांत विमा कंपनीलाही कळवा.

पारख करायला विकणाऱ्याचा नव्हे, आपल्या ओळखीचा मेस्त्री न्या. त्याने सांगितलेला दुरुस्तीचा खर्च मागितलेल्या किमतीत मिळवा. ती बेरीज परवडत असेल, तरच विसार द्या.