झाईची भरती आणि संगणकातला चंद्र

डहाणूजवळच्या झाईच्या खाडीतून होडी कधी काढायची, हे भरती ठरवते. कोकण किनाऱ्यावर तिचा जुना ढोबळ हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. गावागणिक थोडा फरक पडतो, तो सवयीने कळतो.

पण पाऊणपटच का? चंद्र रोज सुमारे 50 मिनिटं, म्हणजे साधारण पाऊण तास, उशिरा माथ्यावर येतो, म्हणून. पुस्तकातल्या आकृतीत हे दिसत नाही, कारण तिथला चंद्र हलत नाही. ‘स्टेलॅरियम’ या मोफत आभासी तारांगणात तो हलतो. एकदा संगणकावर घेतलं की नेट लागत नाही. ठिकाण डहाणूचं निवडायचं आणि ‘एल’ची कळ दाबत राहायची, काळ धावू लागतो. आज चंद्र मध्यमंडल, म्हणजे माथ्यावरची उत्तर-दक्षिण रेषा, किती वाजता ओलांडतो ते वहीत टिपायचं आणि पाणी सर्वांत जास्त कधी चढतं ते धक्क्यावर जाऊन बघायचं. दोन्ही वेळा जुळतीलच असं नाही. उथळ समुद्रतळ आणि खंभातच्या आखाताकडे निमुळता होत जाणारा किनारा भरतीची चाल बदलतात. वहीतलं अंतर त्याचंच माप असतं.

आभासी जगाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग 2003 मध्ये आलं, त्यानंतर अनेक विद्यापीठांनी तिथे जागा घेऊन इमारती उभारल्या, सभागृहं मांडली, आणि पुतळ्यांसारख्या पात्रांना पुन्हा व्याख्यानालाच बसवलं. 2010 मध्ये शैक्षणिक सवलत बंद होणार असं जाहीर झालं आणि परक्याच्या जागेवरचा वर्ग किती कच्चा असतो ते कळलं.

याउलट, कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी 2002 मध्ये सुरू केलेल्या ‘फेट’चे आभासी प्रयोग खुले आहेत, बरेचसे मराठीतही. त्यातल्या एकात गुरुत्वाकर्षण बंद केलं की चंद्र कक्षा सोडून सरळ निघून जातो. सगळा प्रयोग एका फाइलीत मावतो. शाळेच्या जुन्या संगणकावरही चालावा. आपल्याकडे सी-डॅक मुंबई आणि अमृता विद्यापीठाने शालेय अभ्यासक्रमासाठी ‘ओलॅब्ज’ या मोफत प्रयोगशाळा उभ्या केल्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये झाईजवळच्याच बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. त्या कुरणशाळेची कसोटी इथेही लावली पाहिजे: मूल जिथे आहे, जे रोज बघतं, तिथून धडा सुरू होतो का?

झाई-बोर्डीच्या समुद्राची खोली आणि खाडीचं वळण घेतलेली भरतीची खुली प्रतिकृती आता बनवायला हवी. तिथीचा हिशेब तिच्यात असावा, शब्द इथल्या मांगेला मच्छीमारांचे असावेत. आणि शाळेत देण्याआधी ती होड्या हाकणाऱ्या इथल्या तांडेलांकडून तपासून घ्यावी.