लाल विंचवाचे विष आणि मज्जातंतूंचे दरवाजे

कोकणात भाताचा पेंढा उपसताना किंवा अंधारात जोड्यात पाय घालताना लाल विंचू डसलेला मनुष्य थोड्याच वेळात घामाने न्हाऊन निघतो, त्याला उलट्या होतात, लाळ सुटते आणि हातपाय गारठतात. दंश बोटाला, पण संकट हृदयावर, असा हा प्रकार आहे. त्याचे मर्म मज्जातंतूंच्या आवरणातील सूक्ष्म प्रथिनांत, म्हणजे आयनवाहिन्यांत, दडलेले आहे.

मज्जातंतूतून जाणारी विद्युल्लहर उठते ती सोडियमचे धनभारित कण या वाहिन्यांतून आत शिरल्यामुळे. सोडियमवाहिनी हे नुसते छिद्र नव्हे; विद्युद्दाब बदलल्याचा इशारा मिळताच उघडणारा आणि, माझ्या मते खरी करामत हीच, उघडल्यानंतर एक-दोन सहस्रांश सेकंदांत आपणहून मिटणारा तो दरवाजा आहे. विंचवाच्या विषातील काही प्रथिने या मिटण्याच्या वेळीच, फटीत पाचर ठोकावी तशी, आड येतात. मग तंतू पुन्हा पुन्हा चेततो, ॲड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात उतरतो, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब भडकतो, आणि हृदय थकले की फुप्फुसांत पाणी साचू लागते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या उशाशी बसून या लक्षणांचा तपशील टिपला आणि रक्तदाबावरील प्राझोसिन हे जुनेच औषध या कामी योजले. त्यांचा त्यावरील लेख १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. प्राझोसिन त्या दरवाजाला हातही लावीत नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील अल्फा-ग्राहींवर ठाण मांडते, त्यामुळे लोंढा आला तरी त्याचा हुकूम तेथे चालत नाही. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शंभरात तीसच्या आसपास दगावत. हे प्रमाण पुढे एकावर आले. प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हेही २०११ साली सिद्ध झाले.

वेदना शमविण्यासाठी दंशाच्या जागी टोचतात ते लिग्नोकेन मात्र सोडियमवाहिनीतच आतल्या बाजूने शिरून वाट अडवते, आणि ज्या तंतूत दरवाजांची उघडझाप अधिक, तेथे त्याचा अंमलही अधिक बसतो. याच विंचवाच्या विषातून १९९० साली वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन पोटॅशियमच्या एका विशिष्ट वाहिनीला नेमके बंद करते, आणि त्या वाहिनीचे कार्य उलगडण्यासाठी संशोधक आजही ते वापरतात.

विंचू डसलेल्याला, विशेषतः मुलाला, दरदरून घाम फुटला आणि हातपाय गार पडू लागले, तर मंत्र-उताऱ्यात घटका न दवडता त्याला तत्काळ रुग्णालयात दाखल करावे.