कंबरदुखी रोवणीची की कळ बाळंतपणाची?

आंबागडच्या आम्हा बायांच्या गटाकडून आज बाळंतपणाच्या कळांविषयी बोलू.

मागच्या रोवणीतली गोष्ट. आमच्यातल्याच एकीचे दिवस भरले होते, खेप तिसरी. सकाळपासून तिची कंबर भरून येत होती. "काल बांधीत वाकून पऱ्हे काढले, त्यानं दुखत असेल," असं ती म्हणाली, आम्हीही तेच म्हणालो. दुपारी सासूबाईंनी शेकून दिलं. दिवेलागणीला गाडी बोलावली, आणि तुमसरला पोचायच्या आत रस्त्यातच बाळ झालं. दोघंही सुखरूप राहिली, म्हणून आज हे सांगता येतं. पण कळा सकाळपासूनच सुरू होत्या. आम्हाला त्या ओळखता आल्या नाहीत.

आपण बाया दुखणं सोसण्यात पटाईत. म्हणून कळ किती सोसवते यावर जाऊ नका, घड्याळ पाहा. पोटावर हात ठेवा. कळ आली की पोट दगडासारखं घट्ट होतं, गेली की सैल पडतं. एक कळ सुरू झाल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत किती मिनिटं गेली, ते लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला सांगा.

खोट्या कळा शेवटच्या महिन्यात अनेकींना येतात. त्या कधी १० मिनिटांनी, कधी तासाभरानं येतात. थोडं चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलून पडलं की बहुधा थांबतात. खऱ्या कळा थांबत नाहीत. त्या नेमानं येतात, एकीपेक्षा दुसरी जोराची असते आणि मधला वेळ कमी होत जातो. पुष्कळदा त्या कमरेतून निघून ओटीपोटात येतात. रोवणीची कंबर सलग दुखते. कळ मात्र येते आणि जाते. हा फरक लक्षात ठेवा.

आणखी दोन खुणा आहेत. अंगावरून रक्ताची छटा असलेला चिकट स्राव जातो. तो दिसला की बाळंतपण जवळ आलं समजा, पण एखादा दिवस लागूही शकतो. दुसरी खूण पाणमोट फुटण्याची. पाणी भळकन जाईल किंवा थेंबथेंब गळेल. मग कळा नसल्या तरी दवाखान्यात जायचंच, कारण उशीर झाला की जंतूची लागण होऊ शकते. स्वच्छ कापड घ्या, वेळ आणि पाण्याचा रंग ध्यानात ठेवा.

निघायचं कधी? पहिलटकरणीला १०-१० मिनिटांनी तासभर कळा आल्या की निघा. आधी बाळंतपण झालेलीनं कळा नेमानं येऊ लागताच निघावं, तिचं बाळंतपण लवकर उरकतं. पावसाळ्यात नाल्याला पूर असतो, तेव्हा त्याहून आधी.

काही खुणा दिसल्या तर कळांची वाटही पाहू नका. पाळीसारखं किंवा जास्त रक्त जाणं, हिरवट पाणी, बाळाची हालचाल मंदावणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, ताप, किंवा नववा महिना लागण्याआधीच कळा. यातलं काहीही असलं तर लगेच १०८ ला फोन करा. नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका. बाईला गुडघ्यांवर ओणवं करून, डोकं खाली आणि कंबर वर ठेवून न्या.

घरी कळा वाढवायचं इंजेक्शन कोणाकडूनही घेऊ नका. त्यानं गर्भपिशवी फाटू शकते, बाळ गुदमरू शकतं.

गरोदर बाईसाठी १०२ ची गाडी मोफत आहे. २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडीसुद्धा मोफत आहे. पैसे नाहीत म्हणून थांबायचं कारण नाही.

आठवा महिना लागला की आशाताईंचा नंबर भिंतीवर लिहा, कार्ड आणि धुतलेले कपडे पिशवीत भरून ठेवा, आणि घरी कारभारी नसले तरी निघायचं हे आधीच ठरवून टाका. कळा खोट्या निघाल्या तर एक फेरी वाया जाईल. आमच्या गटात आता त्याला कोणी हसत नाही.